उधळ्या पुत्राचा दृष्टांत आणि कर्त्याचा प्रश्न

खानदेशी बोलींचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती जी जुनी मुद्रित साधने पडतात, त्यांत ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग अग्रगण्य होय. तो १९०७ साली प्रसिद्ध झाला. त्यात खानदेशीस भिल्ल बोलींच्या शेजारी बसविले आहे, आणि ही वर्गवारी कितपत ग्राह्य मानावी याविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या वादात येथे शिरावयाचे नाही. या सर्वेक्षणात निरनिराळ्या बोलींचा जो नमुना दिलेला असतो तो बहुधा एकाच कथेचा असतो, आणि ती कथा म्हणजे लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातील उधळ्या पुत्राचा दृष्टांत. आमचे विद्यार्थी तो वाचतात, चतुर्थीचा ‘-ले’ अधोरेखित करतात, ‘आंडोर’सारख्या शब्दांची टिपणे घेतात आणि पुढच्या बोलीकडे वळतात. कथा कोणाची, हा प्रश्न तासाला सहसा निघत नाही. निघालाच तर उत्तर ठरलेले असते: घर सोडून गेलेल्या आणि पस्तावून परतलेल्या धाकट्या मुलाची. हे उत्तर मला अपुरे वाटते. ते अपुरे का, याची कारणे धर्मशास्त्राच्या ग्रंथांत शोधण्यापूर्वी वाक्यरचनेत शोधावीत, असा या लेखाचा प्रयत्न आहे.

ग्रियर्सनने हीच कथा का निवडली याचे कारण त्याने स्वतः नोंदवून ठेवले आहे. तीत तिन्ही पुरुषांची सर्वनामे येतात, नामांच्या बहुतेक विभक्ती येतात, क्रियापदाचे वर्तमान, भूत व भविष्य हे तिन्ही काळ येतात. भारतीय वाचकाच्या भावनांना बाध येऊ नये म्हणून काही किरकोळ शाब्दिक फेरफारही करण्यात आले होते. निवड भाषाशास्त्राच्या दृष्टीने उत्तम होती यात शंका नाही. तथापि तिचा एक परिणाम असा झाला की, कथा आपल्या अध्यायातून उचलली गेली. लूकच्या पंधराव्या अध्यायाचा आरंभ एका तक्रारीने होतो. जकातदार आणि पापी म्हणून गणलेले लोक येशूजवळ येतात, आणि हा अशांच्या पंक्तीस बसतो म्हणून परूशी व शास्त्री कुरकुर करतात. त्या कुरकुरीस उत्तर म्हणून तीन दृष्टांत येतात: हरवलेले मेंढरू, हरवलेले नाणे आणि हा तिसरा. पहिल्या दोहोंत शोधणाऱ्याचीच हालचाल आहे. मेंढरू काही करीत नाही, नाणे तर करूच शकत नाही. तिसरा दृष्टांत एकटा छापला की ही पार्श्वभूमी नाहीशी होते आणि हालचाल करणारा मुलगा तेवढा डोळ्यांत भरतो.

‘उधळ्या’ हे विशेषण मूळ कथेच्या नावात नाही, कारण मूळ कथेला नावच नाही. शीर्षके नंतरची. परंतु मराठी वाचकाने हे विशेषण इतक्या सहजतेने का स्वीकारले असावे, याचे एक कारण आपल्या कौटुंबिक व्यवहारात आहे असे मला वाटते. मिताक्षरेप्रमाणे वडिलार्जित मिळकतीत मुलाचा हक्क जन्मतःच उत्पन्न होतो. वाटणी मागणे ही आपल्या गावगाड्यात दुःखाची गोष्ट असेल, भांडणाची असेल, पण कल्पनेबाहेरची नाही. धुळ्या-जळगावच्या कोणत्याही दिवाणी न्यायालयात ती नित्याची बाब आहे. म्हणून धाकटा मुलगा बापाच्या हयातीत आपला हिस्सा मागतो तेव्हा आपला वाचक दचकत नाही. तो पुढे पैसा उडवितो तेव्हा दचकतो. अपराध मागणीतून खर्चात सरकतो. ज्या समाजात ही कथा सांगितली गेली तेथे बापाच्या मृत्यूनंतर मिळावयाचे ते आजच द्या म्हणणे म्हणजे बाप नसल्यासारखे वागणे होते. अपराध पैशाविरुद्ध झालेला नव्हता. आणखी एक गोष्ट सहसा वाचली जात नाही. बाप आपली जिंदगी ‘त्यांना’ वाटून देतो, असे मूळात अनेकवचन आहे. थोरल्यालाही त्याच दिवशी त्याचा हिस्सा मिळाला होता, आणि अनुवादाच्या पुस्तकातील नियमाप्रमाणे थोरल्याचा हिस्सा दुप्पट असतो. हे ध्यानी ठेवले पाहिजे, कारण पुढे तोच थोरला आपल्याला काही मिळाले नाही म्हणून रुसून बसणार आहे.

आता पहिल्या वाक्याकडे वळू. ग्रीक मूळात ‘कोणी एक मनुष्य’ प्रथमेत आहे. तो कर्ता, ‘बाळगणे’ या अर्थाचे क्रियापद त्याचे, आणि दोन मुलगे हे त्याचे कर्म. मराठीत हे जसेच्या तसे आणता येत नाही. आपल्याकडे माणूस मुलगे ‘बाळगीत’ नाही, माणसाला मुलगे असतात. वाक्य मराठी होताच बाप चतुर्थीत जातो, मुलगे प्रथमेत येतात आणि क्रियापद मुलग्यांच्या लिंगवचनाप्रमाणे चालू लागते. अहिराणीतही तसेच होते. बापाच्या मागे ‘-ले’ लागतो. पाठ्यपुस्तकी व्याकरणाच्या सवयीने पाहणारा विद्यार्थी येथे ‘मुलगे’ हा कर्ता म्हणून अधोरेखित करील, आणि त्याला चूक म्हणणे कठीण आहे. म्हणजे कथेच्या उंबरठ्यावरच आपल्या भाषेने कर्तेपण मुलांच्या स्वाधीन केले आहे.

परंतु प्रथमा आणि क्रियापदाशी मेळ एवढ्यावरच वाक्याचा केंद्रबिंदू ठरत नाही, हे मराठीतच सिद्ध करता येते. ‘बापाला आपला मुलगा आठवला’ हे साधे वाक्य घ्या. क्रियापद ‘मुलगा’ या पदाप्रमाणे चालते, तरीही ‘आपला’ हे स्ववाचक सर्वनाम बापाकडे बोट दाखविते. चतुर्थीतील पद वाक्याच्या आरंभी येऊन ‘आपला’ या शब्दावर सत्ता चालविते. आठवणे, आवडणे, सुचणे, भूक लागणे, कीव येणे या सर्व क्रियापदांच्या बाबतीत हाच नियम आहे. ‘एका मनुष्याला दोन मुलगे होते’ या वाक्यात पुढे कोठेही ‘आपला’ आला, तर तो त्या मनुष्याचा होईल. तेव्हा मराठीने बापाला केंद्रातून हुसकावले असे म्हणता येत नाही. विभक्तीच्या आड बसविले एवढेच. वाचकाने फक्त प्रथमा पाहिली तर तो दिसत नाही.

पुढे कथा मुलाच्या मागे लागते आणि तसे होणे स्वाभाविक आहे. दूरदेश, उधळपट्टी, दुष्काळ, डुकरे, भूक. सर्वेक्षणाचे नमुने गोळा होत होते त्याच सुमारास, १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पश्चिम भारतावर येऊन गेले होते, आणि खानदेशास त्यांची झळ चांगलीच लागली होती. दुष्काळ पडला आणि त्याला अडचण पडू लागली, एवढे वाक्य बोलीत सांगणाऱ्या माणसास ते दुसऱ्याचे वाटले नसेल. वाचक स्वतःला कथेत पाहतो तो असा. याला मी दोष म्हणणार नाही. भूक लागलेला मनुष्य भुकेच्या वाक्यापाशी थांबणारच. प्रश्न पुढचा आहे: तो तेथेच थांबून राहिला तर त्याला काय दिसत नाही?

त्याला विसावे वचन दिसत नाही. मुलगा अजून दूर आहे, आणि तेथे पाच क्रिया एकामागून एक येतात: पाहणे, कळवळणे, धावणे, गळ्यात पडणे, मुके घेणे. पाचांचाही कर्ता बाप आहे. मुलाच्या वाट्याला त्या वाक्यात फक्त ‘दूर असणे’ आले आहे. मुलाने वाटेवर जे भाषण पाठ केले होते त्याचे तीन भाग होते: मी पाप केले, मी मुलगा म्हणवून घेण्यास योग्य नाही, मला मजुरांपैकी एक समजा. बापापुढे तो पहिले दोन म्हणतो आणि तिसरा राहून जातो. काही प्राचीन हस्तलिखितांत तो भाग येथेही आढळतो. परंतु तो लेखनिकांनी मागील वचनावरून पुरा करून टाकला असावा, असेच पाठचिकित्सकांचे सर्वसाधारण मत आहे, आणि लेखनिकाची ती प्रवृत्ती मला बोलकी वाटते. मुलाने स्वतःसाठी योजलेली जागा कथेत राहून गेलेली त्याला खपली नाही. बाप तर मुलाला उत्तरच देत नाही. तो चाकरांशी बोलतो. झगा, अंगठी, जोडे या सर्व आज्ञा तृतीय पुरुषी आहेत: ह्याला घाला, ह्याच्या हातात घाला. मुलाने स्वतःविषयी केलेला निवाडा, तो खरा की खोटा याची चर्चा न होताच, मागे पडतो. ‘शुद्धीवर येणे’ हा कथेचा कळस मानणाऱ्या वाचनाला या ठिकाणी जागा उरत नाही. शुद्धीवर येऊन मुलाने जो बेत आखला होता तो मजूर होण्याचा होता, आणि तो बेत फसला.

येथे एक आक्षेप येईल आणि तो आलाच पाहिजे. या कथेत ‘देव’ हा शब्द कोठे आहे? नाही. मुलगा ‘स्वर्गाविरुद्ध’ पाप केले असे म्हणतो, आणि यहुदी बोलण्यात स्वर्ग हा शब्द देवाच्या नावाऐवजी येई. पण त्याच वाक्यात बापाचा उल्लेख वेगळा आहे, म्हणजे बाप आणि देव एक नव्हेत. मग बापाला देव ठरवून त्याला केंद्रस्थानी बसविणे ही भाविकाची जोड नव्हे काय? दृष्टांत एकटा वाचला तर हा आक्षेप मला मान्य करावा लागेल. अध्यायासह वाचला तर नाही. मेंढराच्या दृष्टांताचा शेवट स्वर्गातील आनंदाने होतो, नाण्याच्या दृष्टांताचा देवाच्या दूतांसमोरील आनंदाने. तिसऱ्याच्या शेवटी असे भाष्य नाही. तेथे आनंद बापाच्या घरातून ऐकू येतो. भाष्याची जागा कथेने घेतली आहे. दुसरा पुरावा क्रियापदाच्या प्रयोगाचा आहे. मेंढरू आणि नाणे यांच्या बाबतीत ‘मला सापडले’ हे ग्रीकमध्ये कर्तरी आहे. मी शोधून काढले, असा त्याचा रोख. मुलाच्या बाबतीत तेच क्रियापद कर्मणी होते आणि शोधून काढणारा अनुक्त राहतो. देवाचे नाव न घेता त्याची क्रिया कर्मणी प्रयोगाने सुचविणे हा बायबलातील परिचित प्रघात आहे. मराठी वाचकाच्या हाती हा भेद लागणे जवळजवळ अशक्य, कारण आपले ‘सापडणे’ हे क्रियापद मुळातच अकर्मक. मेंढरूही सापडते, मुलगाही सापडतो. शोधणारा दोन ठिकाणी उक्त आणि तिसऱ्या ठिकाणी अनुक्त आहे, हे आपल्या भाषेत ऐकूच येत नाही. भाषांतरकाराचा यात दोष नाही. ‘शोधून काढला गेला’ असे लिहिले तर अर्थ येईल आणि मराठी जाईल.

दुसरा आक्षेप अधिक मोलाचा आहे आणि तो आमच्याच भूमीतून येतो. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी रविवारी रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. ‘गीता प्रवचने’ या नावाने ती घरोघरी गेली. त्या प्रवचनांची रीत पाहिली तर शास्त्र सतत श्रोत्याच्या जीवनाकडे वळविलेले दिसते. समोर कैदी बसलेले, आणि अर्जुनाचा प्रश्न त्यांचा प्रश्न करून दाखविलेला. पुढे याच विनोबांनी ‘ख्रिस्तधर्म-सार’ सिद्ध केले. ग्रंथ आरशासारखा धरणे ही आपल्या परंपरेची रीत आहे, आणि तीत स्वार्थ नाही. अद्वैताच्या दृष्टीने ‘स्व’ शोधणे आणि देव शोधणे हे दोन उद्योगच नव्हेत. अशा वाचकाला ‘स्वतःला बाजूस सार आणि देवाला मध्यभागी ठेव’ असे सांगितले तर तो विचारील की, बाजूस सारावयाचे ते कोण?

या प्रश्नाला मी हलके मानत नाही. माझे उत्तर एवढेच की, ज्या ग्रंथात जो भेद मांडला आहे तो त्या ग्रंथाच्या वाचनात तरी टिकवला पाहिजे. दृष्टांतात बाप आणि मुलगा एक होत नाहीत. मुलगा मुलगा म्हणून घरात घेतला जातो. आणि आपल्याही परंपरेत सगुण भक्तीची वाट आहेच, जेथे देव समोर उभा असतो आणि भक्त त्याच्याशी भांडतो. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, या आशयाचे रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. तो पूल भक्तीचा होता हे विसरू नये. मराठी वाचकाला देवकेंद्री वाचन परकीय ठरेल असे मानण्याचे कारण नाही. परका आहे तो अलीकडचा एक प्रकार, ज्यात प्रत्येक वचन आपल्या परीक्षेला, नोकरीला, आजाराला लावले जाते. याला विनोबांचा आधार देता येणार नाही.

त्या प्रकाराचे एकच उदाहरण घेतो, कारण त्यात मराठी सर्वनामांचा हात आहे. यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातील अकरावे वचन ख्रिस्ती घरांच्या भिंतीवर पुष्कळदा दिसते. देवाचे संकल्प हिताचे आहेत, असा त्याचा आशय. ते वचन एका पत्रातले आहे. इसवी सनापूर्वी ५९७ मध्ये बाबेलला नेलेल्या बंदिवानांना ते पत्र पाठविले गेले. घरे बांधा, मळे लावा, ज्या नगरात नेले आहे त्याचे कल्याण चिंता, आणि सत्तर वर्षे पुरी झाल्यावर परत आणीन, असे त्यात सांगितले आहे. सत्तर वर्षे म्हणजे पत्र ऐकणाऱ्या प्रौढांपैकी बहुतेकांना ते परतणे पाहावयास मिळणार नव्हते. हिब्रूत येथे ‘तुम्ही’ अनेकवचनी आहे. मराठीतही आपण ‘तुम्ही’ असेच लिहितो, पण आपला ‘तुम्ही’ आदरार्थी एकवचनाचेही काम करतो. भिंतीवर ते वाचणाऱ्या एकट्या माणसाला तो आदराने आपल्यालाच केलेला संबोध वाटतो. एका पिढीच्या पलीकडे जाणारे, लोकसमूहाला दिलेले वचन अशा रीतीने एका माणसाच्या चालू वर्षात मावून जाते. पत्राचा खरा कर्ता, जो ‘मी’ म्हणून बोलतो आणि सत्तर वर्षांचा हिशेब आपल्या हाती ठेवतो, तो वचनाबाहेर राहतो.

पाश्चात्त्य टीकेत या विषयाची चर्चा जुनी आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात स्वित्झर्लंडमधील एका खेड्याचा पाळक असताना कार्ल बार्टने दिलेले एक व्याख्यान प्रसिद्ध आहे. बायबलात माणसांचे देवाविषयीचे विचार शोधू नयेत, देवाचे माणसांविषयीचे विचार तेथे आहेत, असा त्याचा रोख होता. योआखिम येरेमियासने प्रस्तुत दृष्टांताला पित्याच्या प्रेमाचा दृष्टांत म्हणावे असे सुचविले, आणि थीलिकेने त्याला वाट पाहणाऱ्या पित्याचे नाव दिले. ही नावे ‘उधळ्या पुत्रा’पेक्षा बरी आहेत. तरीही त्यांत एक उणीव राहते. बाप मध्यभागी आला की दोन्ही मुले सारखीच धूसर होतात, आणि मग ज्या कुरकुर करणाऱ्यांसाठी कथा सांगितली ते सुखरूप सुटतात. बाप मध्यभागी ठेवावयाचा तो, मुले त्याच्यापासून किती अंतरावर आहेत हे मोजता यावे म्हणून.

ते अंतर सर्वनामांत मोजता येते. धाकटा मुलगा ‘मला द्या’ असे म्हणून जातो, पण वाईटातल्या वाईट वेळीही ‘बाबा’ हे संबोधन सोडीत नाही. पाठ केलेल्या भाषणातही ते आहे. थोरल्याच्या तोंडी हे संबोधन एकदाही येत नाही. त्याचे बोलणे ‘पाहा’ या शब्दाने सुरू होते आणि ‘मी’च्या हिशेबाने चालते: मी इतकी वर्षे राबतो, मी आज्ञा मोडली नाही, मला करडू दिले नाही. राबण्यासाठी तो जे क्रियापद वापरतो ते गुलामाचे आहे. जो मजूर होण्याचा बेत धाकट्याने दूरदेशी केला होता, तो थोरल्याने घरात बसून केव्हाच अमलात आणला आहे. भावाला तो भाऊ म्हणत नाही, ‘हा तुमचा मुलगा’ म्हणतो. बाप उत्तर देताना ते सर्वनाम उलटवितो: ‘हा तुझा भाऊ’. आणि ज्याने आपल्याला बाप म्हटले नाही त्याला तो ‘बाळा’ म्हणतो. मूळातला ‘टेक्नॉन’ हा शब्द ‘मुलगा’ या अर्थाच्या नेहमीच्या शब्दाहून लडिवाळ आहे. वर्गात धाकटा की थोरला, आपण कोण, असा वाद रंगतो तेव्हा ही उलटापालट कोणी पाहत नाही, कारण ती करणारा तिसराच आहे. तो धाकट्यासाठी घराबाहेर धावला होता, आता थोरल्यासाठी पुन्हा घराबाहेर आला आहे.

बापाच्या अखेरच्या वाक्यात भाषांतरकाराची खरी कसोटी आहे. ‘आनंद करणे अवश्य होते’, असे तो म्हणतो. ग्रीकमध्ये क्रियापद अव्यक्तिक आहे. आनंद कोणी करावयाचा होता हे सांगितलेले नाही. वाक्य मराठीत नीट उभे राहावे म्हणून भाषांतरकार सर्वनाम घालू लागला, तर त्याच्यापुढे दोन वाटा येतात. ग्रीकमध्ये ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांना एकच शब्द आहे. मराठीत दोन आहेत, आणि १८११ साली सेरामपूरला छापलेल्या केरीच्या नव्या करारापासून पंडिता रमाबाईंच्या १९२४ मधील बायबलापर्यंत कोणाही मराठी भाषांतरकाराला ही निवड टाळता आलेली नाही. ‘आम्ही आनंद करायला हवा होता’ असे लिहिले तर थोरला मुलगा बाहेरचा ठरतो. घरातले लोक आपली बाजू त्याला समजावून सांगत आहेत असे होते. ‘आपण’ लिहिले तर तो अंगणात उभा असूनही पंगतीत धरला जातो. मूळात दोन्ही शक्यता उघड्या आहेत, आणि थोरल्याने काय केले हे लूकने लिहिलेले नाही. बापाचे वाक्य संपते आणि अध्यायही तेथेच संपतो.